लघुउद्योग आणि परिसर : गाझियाबादचे उदाहरण

दिल्लीहून पूर्वेकडे निघालेली आगगाडी यमुना ओलांडून थोडी पुढे गेली, की प्रथम साहिबाबाद आणि त्यानंतर गाझियाबाद ही स्थानके लागतात. वजीर गाझिउद्दीन याने १७४० मध्ये वसविलेल्या ह्या गावाचे मूळ नाव गाझिउद्दीननगर. १८६४ मध्ये लोहमार्ग आला आणि ते नाव आखूड होऊन गाझियाबाद झाले. पुढे दीर्घकाळ हे मीरत जिल्ह्यातील एक तहसिलीचे गाव होते; १४ नोव्हेंबर १९७६ रोजी ते स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण बनले. राजधानीच्या शेजारामुळे येथे मोठ्या कारखान्यांच्या जोडीला असंख्य लहान कारखाने उभे राहिले. धातूचे सुटे भाग घडविणारे, त्यांना मुलामा देणारे, कापड रंगविणारे, रबर व प्लॅस्टिकच्या वस्तू तयार करणारे असे नाना प्रकारचे व्यवसाय ह्या वस्त्यांतून चालतात. ह्या शहराचे दोन भाग करीत हिंडन नदी वाहते. सहारनपूर जिल्ह्यात शिवालिकच्या पायथ्याशी उगम पावणारी ही नदी पुढे यमुनेला मिळते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये दिल्लीच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेच्या सहकार्याने देशातील ८८ औद्योगिक क्षेत्रांची तपासणी केली. हवा, पाणी आणि जमीन ह्या तिन्हींचा विचार करून प्रत्येक क्षेत्राला १०० पैकी गुण देण्यात आले. ७० हून अधिक गुण म्हणजे अतिगंभीर प्रदूषण. अशी ४३ क्षेत्रे आढळली. त्यांत अंकलेश्वर ८८.५०, वापी ८८.०९ आणि गाझियाबाद ८७.३७ असा क्रम लागला. चौथे स्थान महाराष्ट्रातील चंद्रपूरचे, ८३.८८ गुणांचे, होते. पुढे २०१९ मध्ये गाझियाबादच्या हवेतील अतिसूक्ष्म धूलिकणांची वार्षिक सरासरी दर घनमीटरला ११० मायक्रोग्रॅम इतकी नोंदली गेली. भारतीय मानकानुसार ती ४० च्या वर जाता कामा नये.

हे आकडे पाहिले, की लहान कारखानदार म्हणतो, 'एवढ्या मोठ्या शहरात माझ्या एका गाळ्याने काय होणार?' आणि लगेच पुढे म्हणतो, 'परिसराची काळजी घेणे मोठ्यांना परवडते, आम्हाला नाही.' ह्यांपैकी पहिले म्हणणे बरेचसे चुकीचे आहे आणि दुसरे अर्धेच खरे आहे. हे कसे, ते एका साध्या कारखान्याच्या उदाहरणाने पाहू.

लोखंडाच्या किंवा पितळेच्या वस्तूंवर निकेल व क्रोमियम ह्यांचा मुलामा चढविणारा एक कारखाना डोळ्यांसमोर आणावा. ओळीने टाक्या मांडलेल्या असतात. वस्तू प्रथम स्वच्छ करतात, मग निकेलच्या द्रावणात विजेच्या साहाय्याने तिच्यावर निकेलचा थर चढवितात, ती धुतात, क्रोमियमच्या द्रावणात बुडवितात आणि पुन्हा धुतात. टाकीतून वस्तू वर काढली की तिच्या अंगाला द्रावणाचा पातळ थर चिकटून येतो. हा थर पुढच्या धुण्याच्या पाण्यात उतरतो आणि ते पाणी गटारात जाते. म्हणजे मालकाने पैसे मोजून विकत घेतलेले निकेल आणि क्रोमियम हेच त्या कारखान्याचे प्रदूषण होय. आकाशातून आलेली दुसरी कोणतीही वस्तू त्यात नसते. ही गोष्ट एकदा मनात ठसली, की पुढचा सारा विचार सोपा होतो.

पहिला उपाय अगदी बिनखर्ची आहे. वस्तू टाकीबाहेर काढल्यावर ती दहा-पंधरा सेकंद टाकीवरच धरून निथळू द्यावी. ती टांगताना कोपरा खाली राहील अशी टांगावी, म्हणजे खोलगट भागात द्रावण साचत नाही. निकेलच्या टाकीनंतर स्थिर पाण्याची एक टाकी ठेवावी. निकेलचे द्रावण साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअस तापमानाला ठेवावे लागत असल्याने त्यातील पाण्याची सतत वाफ होते. ही तूट नव्या पाण्याऐवजी ह्या स्थिर टाकीतील पाण्याने भरून काढता येते आणि वाया जाणारे निकेल मूळ टाकीत परत येते. मात्र निकेलबरोबर मळही परत येतो. म्हणून द्रावण वेळोवेळी सक्रियित कोळशातून गाळून घ्यावे लागते. जो हे करीत नाही, त्याचा मुलामा काळवंडतो आणि मग तो सगळा दोष ह्या पद्धतीला देतो.

दुसरा उपाय धुण्याच्या रीतीतील आहे. समजा, वस्तूंबरोबर दर तासाला १ लिटर द्रावण बाहेर येते आणि शेवटच्या पाण्यात त्याचा अंश मूळ द्रावणाच्या हजाराव्या हिश्श्याइतकाच उरावा अशी अपेक्षा आहे. एकाच टाकीत वाहते पाणी सोडून हे साधायचे असेल, तर तासाला सुमारे १,००० लिटर पाणी लागते. आता दोन टाक्या एकापुढे एक ठेवाव्यात. वस्तू पहिलीतून दुसरीत जाईल. पाणी मात्र दुसरीत सोडून तिच्यातून ओसंडून पहिलीत जाऊ द्यावे. वस्तू आणि पाणी अशा उलट दिशांनी चालू लागली, की तेवढ्याच स्वच्छतेला तासाला सुमारे ३२ लिटर पाणी पुरते. तीन टाक्या ठेवल्या तर सुमारे १० लिटर. ह्यात जादू काही नाही. गृहिणी भांडी विसळताना आधी खरकट्या पाण्यात आणि शेवटी स्वच्छ पाण्यात काढते, तोच हा हिशेब आहे.

ही रीत अनेक दशकांपासून ज्ञात आहे. तरी ती सर्वत्र का आढळत नाही? एक कारण जागेचे आहे. भाड्याच्या अरुंद गाळ्यात आणखी दोन टाक्या मांडायला वाव नसतो. कामगाराला नगावर मजुरी मिळत असेल, तर निथळण्यासाठी थांबलेला प्रत्येक क्षण त्याच्या खिशातून जातो. परंतु सर्वांत मोठे कारण पाण्याच्या किमतीचे आहे. कूपनलिकेतून उपसलेल्या पाण्याला विजेच्या खर्चापलीकडे मोल पडत नाही, आणि ज्याला मोल नाही ते मोजले जात नाही. ह्यातून आणखी एक वाईट सवय जडते. सांडपाण्यातील विषारी द्रव्यांची मर्यादा दर लिटरला अमुक मिलिग्रॅम अशी ठरविलेली असते. तेव्हा सांडपाण्यात भूजल मिसळून ते पातळ केले, की कागदावर नियम पाळला जातो. नदीला मात्र एकूण तेवढेच विष मिळते, आणि जमिनीखालचे पाणी जाते ते वेगळेच. म्हणून तपासणी करणाऱ्याने दर लिटरचा आकडा पाहून थांबू नये. कारखान्याने महिन्याभरात किती क्रोमियम खरेदी केले, त्यातले मालावर किती चढले आणि उरलेले कोठे गेले, हे त्याने विचारावे. मालकानेही हाच प्रश्न स्वतःला विचारावा. त्यासाठी पाण्याचे एक मापक आणि एक वही एवढे पुरते.

इतके करूनही थोडे विष उरतेच. षट्संयुजी क्रोमियम हे त्यांतील सर्वांत घातक होय. टाकीवर उठणाऱ्या त्याच्या तुषारांनी नाकातील पडद्याला छिद्रे पडतात, हातांवर भरून न येणारे व्रण होतात, आणि ते कर्करोगास कारणीभूत ठरते हे सिद्ध झाले आहे. नदीपर्यंत पोचण्याआधी ते टाकीजवळ उभ्या असलेल्या कामगाराच्या शरीरात पोचते. परिसराची हानी प्रथम कारखान्याच्या चार भिंतींच्या आतच होते, हे विसरता कामा नये. ह्या पाण्यात आम्ल मिसळून सोडियम बायसल्फाइट टाकले, की पिवळसर रंग जाऊन ते हिरवट होते, म्हणजेच क्रोमियमचे कमी घातक अशा त्रिसंयुजी रूपात परिवर्तन होते. मग चुना घातला की ते गाळाच्या रूपाने तळाशी बसते. हा गाळ धोकादायक कचरा ठरतो. तो रस्त्याकडेच्या खड्ड्यात न टाकता २०१६ च्या नियमांनुसार अधिकृत विल्हेवाट केंद्राकडेच पाठवावा लागतो. पाणी जितके कमी वापरलेले असेल, तितकी ह्या शुद्धीकरणाची टाकी लहान आणि रसायनांचा खर्च कमी. म्हणूनच आधी बचत आणि मग शुद्धीकरण, हा क्रम उलटा करणे महागात पडते.

पाण्याची जी कथा तीच इंधनाची. कापड रंगविणाऱ्या किंवा खाद्यपदार्थ शिजविणाऱ्या कारखान्यात वाफेसाठी बॉयलर असतो. वाफेचे पाणी झाल्यावर ते गटारात सोडून न देता परत बॉयलरात घेतले, तर आत जाणाऱ्या पाण्याच्या तापमानात दर ६ अंश वाढीमागे सुमारे १ टक्का इंधन वाचते. उघड्या नळांना वेष्टण घालणे आणि भट्टीत गरजेपेक्षा अधिक हवा न सोडणे हेही त्याच जातीचे उपाय. दाबाच्या हवेवर अवजारे चालत असतील, तर कॉम्प्रेसरचा दाब एका बारने उतरविल्यास त्याची वीज सुमारे ६ ते ७ टक्क्यांनी कमी लागते. पुष्कळदा दाब चढा ठेवलेला असतो तो केवळ गळती झाकण्यासाठी.

आता लहान कारखानदाराच्या तक्रारीतील खऱ्या भागाकडे वळू. काही गोष्टी गाळ्याच्या आत सुटत नाहीत. राजधानी परिसरात पेट्रोलियम कोक आणि फर्नेस तेल ह्या गंधकयुक्त इंधनांवर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ नोव्हेंबर २०१७ पासून बंदी आली. त्यानंतर वायू गुणवत्ता व्यवस्थापन आयोगाने १ जानेवारी २०२३ पासून औष्णिक वीजकेंद्रांखेरीज इतर उद्योगांत कोळसा जाळणे बंद केले. हवेच्या दृष्टीने हे योग्यच होते. पण नळाने येणारा नैसर्गिक वायू कोळशाहून महाग पडतो, आणि त्यासाठी बॉयलर बदलावा लागतो तो वेगळाच. मोठा कारखाना हा खर्च अनेक वर्षांवर पसरू शकतो. ज्याचे भांडवल पुढच्या महिन्याच्या मालात अडकले आहे त्याला ते जमत नाही. ज्याने आधीच इंधनाची गळती थांबविली होती, त्याला ही बंदी कमी जाचली असणार, हे उघड आहे. तरीही निव्वळ आदेशाने काम भागत नाही. आदेशाबरोबर स्वस्त कर्ज आणि तांत्रिक सल्लाही कारखान्याच्या दारापर्यंत गेला पाहिजे.

सामुदायिक व्यवस्था काय करू शकते, ह्याचे एक उदाहरण गाझियाबादनेच दिले आहे. गाझियाबाद नगर निगमने २०२१ मध्ये १५० कोटी रुपयांचे हरित कर्जरोखे विक्रीस काढले; ८ एप्रिल २०२१ रोजी मुंबई शेअर बाजारात त्यांची नोंदणी झाली. एखाद्या भारतीय नगरसंस्थेने काढलेले हे पहिलेच हरित रोखे. त्या पैशाच्या आधारे शहराचे सांडपाणी सूक्ष्म गाळण्यांतून व पटलांतून शुद्ध करून उद्योगांना पुरविणारे केंद्र इंदिरापुरम येथे उभारण्यात आले. त्याची क्षमता दररोज ४ कोटी लिटरची असून सुमारे ९५ किलोमीटर लांबीच्या नळांचे जाळे साहिबाबाद भागातील १,४०० हून अधिक कारखान्यांसाठी योजले आहे. ह्या पाण्याला किंमत आहे, आणि तीच त्याची सर्वांत उपयुक्त बाजू म्हणावी लागेल. पाण्याचे देयक हाती पडू लागले, की वर सांगितलेली दुसरी व तिसरी टाकी एकाएकी परवडू लागते. अर्थात शेजारची कूपनलिका फुकट चालू राहिली, तर नळाचे महाग पाणी कोणी घेणार नाही. म्हणून एकीची सुरुवात आणि दुसरीवरील नियंत्रण ही दोन्ही हातांत हात घालून यावी लागतात.

ह्याच साहिबाबादेत सरकारी क्षेत्रातील सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स ह्या कंपनीने १९७७ मध्ये भारतातील पहिला सौर विद्युत्घट तयार केला. आज अशा घटांचे फलक कारखान्यांच्या छपरांवर दिसतात, आणि ते लावणे इष्टच होय. परंतु छपरावर फलक आणि खाली गळके नळ असा कारखाना परिसराचा मित्र ठरत नाही. ज्या मालकाला आरंभ करावयाचा आहे, त्याने प्रथम कूपनलिकेवर मापक बसवावे, विजेची आणि इंधनाची देयके एका ठिकाणी लावावीत, खरेदी केलेल्या रसायनांची नोंद ठेवावी आणि महिनाअखेरीस काय आले व काय गेले ह्याचा मेळ घालावा. जो मेळ बसणार नाही, तोच गटारातून किंवा धुराड्यातून हिंडनकडे आणि शेजाऱ्याच्या फुप्फुसाकडे गेलेला माल होय.