गाडीवर आहात का?

सकाळी ७.५५

अपघात विभागातून सिस्टरचा फोन. "मॅडम, हायवेची केस आहे. ब्रॉट डेड. नातेवाईक अजून कुणी नाही." चहा तसाच ठेवून निघते. साताऱ्याजवळच्या एका सरकारी रुग्णालयात मी समाजसेवा अधीक्षक आहे. योजनांचे अर्ज, बेवारस रुग्णांच्या घरच्यांचा शोध, रक्ताची सोय ही कामं रोजचीच. पण मुंबई–बंगळुरू महामार्ग जवळून जातो, खंबाटकीच्या पलीकडे शिरवळची एमआयडीसी आहे आणि ऊसतोडीच्या हंगामात पहाटेपासून रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात. त्यामुळे अपघातात माणूस गेला की त्याच्या घरच्यांना सांगणं आणि सांगून झाल्यावर त्यांच्याजवळ थांबणं, हे माझ्या नोकरीतलं सगळ्यात मोठं काम होऊन बसलं आहे.

सकाळी ८.१५

मुलगा पंचविशीतला. रात्रपाळी संपवून मोटरसायकलवरून गावाकडे निघाला होता. सर्व्हिस रोडला बंद पडलेली उसाची ट्रॉली उभी होती. मागे रिफ्लेक्टर नाही, दिवा नाही, शेजारी दगड किंवा फांदी लावून ठेवलेली नाही. त्यात धुकं. १०८ ची गाडी लवकर पोचली होती, पण तोवर संपलं होतं.

हवालदार त्याच्या वस्तूंची यादी करत आहेत. हेल्मेट टेबलावर आहे. मी ते उचलून बघते. डाव्या बाजूची गादी आत दाबली जाऊन तिला मोबाईलच्या आकाराचा खळगा पडला आहे. रोज फोन तिथे खोचून खोचून पडलेला. पट्टा मात्र नवाकोरा, बकलला एक ओरखडा नाही. पट्टा आवळला की फोन आत मावत नाही, म्हणून कितीतरी पोरं तो मोकळाच सोडतात. आदळल्यावर हेल्मेट आधी निघून गेलं, मग डोकं आपटलं.

काच तडकलेला फोन वाजतो. पडद्यावर 'काका'. हवालदार हात पुढे करतात. ते काय बोलणार मला ठाऊक आहे: "थोडं लागलंय, ताबडतोब या." हेतू चांगलाच असतो. पण 'ताबडतोब' हा शब्द ऐकला की घरातली दोन-तीन माणसं एका मोटरसायकलवर बसून, वाटेत आणखी चार जणांना फोन लावत, त्याच रस्त्याने सुसाट सुटतात. अशा येण्यात दुसरा अपघात झालेला मी पाहिला आहे. म्हणून फोन मी घेते.

पलीकडे वाऱ्याचा घोंगाट.

"काका, मी रुग्णालयातून बोलतेय. तुम्ही गाडीवर आहात का?"

"व्हय, बोला की. कुठाय त्यो?"

"आधी गाडी बाजूला घ्या. उभी करा. मग बोलते."

घोंगाट थांबतो. पुतण्याचा अपघात झाला आहे, त्याला इथे आणलं आहे आणि प्रकृती अतिशय गंभीर होती, एवढं मी सांगते. 'होती' त्यांच्या लक्षात येतं. "हाय का न्हाई, तेवढं सांगा," ते विचारतात. थेट विचारल्यावर मी खोटं बोलत नाही. "नाही, काका." मग ते काही बोलेपर्यंत लाईन धरून ठेवते. शेवटी सांगते: तुम्ही चालवू नका, चारचाकी बघा, घरातला नसेल असा कुणी चालवायला घ्या, घरी बायकांना फोनवर कळवू नका, सोबत आणा. वीस मिनिटांनी पुन्हा फोन करून चारचाकी मिळाली का, ती कोण चालवतंय, हे विचारते. उचलायला शेजारच्या माणसाला सांगितलेलं असतं.

सकाळी ९.४०

आमच्याकडे यासाठी वेगळी खोली नाही. माझ्याच खोलीतल्या फायली कपाटावर चढवते, खुर्च्या भिंतीला लावते, तांब्या-भांडं भरून ठेवते, दाराशी आमच्या मावशींना उभं करते. हे कॉरिडॉरमध्ये सांगायचं नाही, ही अट मी कुणासाठीही सोडत नाही.

चुलते, आई, बायको, बायकोचा भाऊ. मुलाचे वडील लहानपणीच गेलेले, म्हणून चुलतेच कर्ते. दोन वर्षांची मुलगी शेजारी ठेवून आले आहेत. डॉक्टर बसून बोलतात, हे मी त्यांच्याकडून ठरवून घेतलं आहे. उभ्याने सांगितलेलं माणसाला हाकलल्यासारखं वाटतं. दोन वाक्यांत सांगतात: गाडी मागून ट्रॉलीवर आदळली, डोक्याला मार लागला, इथे आणण्याआधीच मृत्यू झाला. 'आम्ही खूप प्रयत्न केले' वगैरे ते घालत नाहीत, कारण तसे प्रयत्न करायला वेळच मिळालेला नव्हता आणि पुढे कागदावर 'मृतावस्थेत आणले' असं वाचल्यावर घरचे विचारतातच.

मग हंबरडा. आई जमिनीवर बसते, मीही खाली बसते. या वेळी बोलायचं काही नसतं. 'देवाची मर्जी', 'तुमच्या मागे लेकरू आहे, सावरा' ही वाक्यं मी उच्चारत नाही आणि दुसरं कुणी म्हणायला लागलं तर त्याला पाणी आणायला पाठवते. रडणं थांबवायला इंजेक्शन मागणारे नातेवाईकही असतात. डॉक्टर सरसकट देत नाहीत, तेच बरोबर आहे.

दर्शनाला नेण्याआधी चेहरा कसा दिसेल ते सांगते: डावी बाजू सुजली आहे, डोक्याला पट्टी आहे, हात तुम्ही धरू शकता. न सांगता चादर ओढली तर ते दृश्य जन्मभर डोळ्यांसमोरून हलत नाही.

सकाळी १०.४५

मरणोत्तर पंचनामा, चुलत्यांचा जबाब. शवविच्छेदनाला आईचा विरोध: "माझं पोरगं फाडायला देनार न्हाई." अपघाती मृत्यूत ते टळत नाही, हे पोलीस सांगतात. मी कारण सांगते: मृत्यू कशाने झाला हे त्याच कागदावर येतं आणि उद्या सुनेला, नातीला जे काही मिळायचं ते त्या कागदाशिवाय मिळत नाही. शरीर नीट शिवून, स्वच्छ करून तुमच्या हाती देतील. आत काम करणाऱ्यांना तसं सांगून येते आणि आईला सांगते की मी सांगून आलेय.

नेत्रदानाचंही विचारावं लागतं, कारण सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. चुलते मान हलवतात, नको म्हणतात. मी दुसऱ्यांदा विचारत नाही.

दुपारी १२.००

आजच्या दिवसातलं अवघड काम हे. बायको माझ्यामागे पाण्याच्या टाकीपाशी येते. आतापर्यंत ती एक शब्द बोललेली नाही.

"मॅडम, माझाच फोन चालू होता."

सिलेंडरचा नंबर लावलाय का, एवढंच विचारायला तिने फोन केला होता. तो म्हणाला, लावलाय. मग मुलगी उठली का विचारलं. मग मोठा आवाज आला. तिला वाटलं, रेंज गेली. ती पुन्हा पुन्हा लावत राहिली.

'तुझा काही दोष नाही' हे वाक्य अशा वेळी झटकन तोंडावर येतं. ते लगेच म्हटलं की समोरची व्यक्ती गप्प होते आणि तो विचार एकटीच घेऊन घरी जाते. मी तिला सगळं बोलू देते. आवाज कसा आला हेही ती सांगते. मग मला माहीत आहे ते मी तिला सांगते. ट्रॉली उजेडाशिवाय उभी होती. धुकं होतं. तो रात्रभर जागा होता. हेल्मेटचा पट्टा मोकळा होता. आणि हो, तो फोनवर बोलत होता. यातलं शेवटचं मी लपवत नाही, कारण ते पोलिसांच्या कागदात येणार आहे आणि तिला दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं. "तू रोज या वेळेला फोन करायचीस?" "रोज." "आणि तो रोज उचलायचा?" "रोज." यात एका सकाळचा, एका बाईचा गुन्हा कुठला काढायचा? अख्ख्या घराची ती रीत होती.

पण तिला एवढ्याने सोडून चालत नाही. तिच्या फोनने पोरगं गेलं, हे वाक्य तेराव्याच्या आत कुणीतरी बोलणार. एकदा बोललं गेलं की ती माहेरी जाणार, नातीचं आजीशी तुटणार, नुकसानभरपाईवरून भांडण लागणार. हे मी घडताना पाहिलं आहे. म्हणून चुलत्यांना बाजूला घेते. "काका, आज सकाळी तुम्ही त्याला कधी फोन केला होता?" ते थबकतात. टोळी आज फडात येणार का, हे विचारायला त्यांनीही केला होता, तो कंपनीतून बाहेर पडल्या पडल्याच. तेव्हाही तो गाडीवरच होता. "हे घरात सगळ्यांसमोर तुम्ही स्वतः बोलाल का? आजच?" बराच वेळ ते चपलेकडे बघत राहतात. मग शवागाराबाहेरच्या कट्ट्यावर बसलेल्या वहिनीजवळ जातात आणि सुनेच्या देखत सांगतात, "म्या बी केलता फोन. त्यो उचलायचा म्हनून आपुन करायचो."

आई काही बोलत नाही. पण सुनेला शेजारी बसायला जागा देते.

दुपारी १.४५

शववाहिका दारात लागते. निघण्याआधी मी बायकोच्या भावाच्या खिशात एक कागद घालते, मोठ्या अक्षरात लिहिलेला. आज कुणी वाचणार नाही, म्हणून तोंडी फक्त दोनच गोष्टी सांगते: कोऱ्या कागदावर कुणीही सही मागितली तर द्यायची नाही आणि शवागाराच्या फाटकाशी 'केस आम्ही लढतो' म्हणत कार्ड देणाऱ्यांना आज काहीही कबूल करायचं नाही. बाकी कागदावर आहे. एफआयआर, पंचनामा आणि शवविच्छेदन अहवालाच्या प्रती घ्या. पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो, त्याची चौकशी करा. मोटार अपघात दावा सहा महिन्यांत दाखल करा. तो फोनवर होता म्हणून हक्क संपला, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. त्याच्या चुकीचा वाटा ठरवून रक्कम कमी होऊ शकते, पण ट्रॉली उभी करणाऱ्याची चूक त्याने पुसली जात नाही. महिलेला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. कंपनीत पीएफ कापला जात असेल तर त्याला जोडलेला विमा असतो, जास्तीत जास्त ७ लाखांपर्यंत. ईएसआय असेल तर कामावरून घरी येतानाचा अपघातही कामाशी संबंध दाखवून नोकरीतला धरता येतो. २०१० मध्ये तशी दुरुस्ती झाली आहे.

आणि मुलीबद्दल एक ओळ: 'बाबा कंपनीत गेलेत' असं सांगू नका. ती रोज दाराकडे बघत बसेल.

दुपारी ३.३०

आधीच ठरलेलं म्हणून आयटीआयमध्ये जाते. ही पोरं वर्षभरात याच रस्त्याने पाळीला जाणार. आकडे थोडेच सांगते. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, म्हणजे तासाला एकोणीस. सरकारी अहवालात २०२१ साली मोबाईलमुळे गेलेल्यांची नोंद मात्र १,०४० एवढीच. आज सकाळी मी जे पाहिलं त्यावरून ही नोंद मला फार तोकडी वाटते. चालवणाराच गेला की तो फोनवर होता हे सांगायला उरतं कोण? ट्रॉलीला मागून धडक, एवढंच लिहिलं जातं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, फोन वापरणाऱ्या चालकाला अपघाताचा धोका चौपट. फळ्यावर गणित मांडते: ताशी ६० च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. तीन सेकंद नाव वाचायला खाली बघितलं की ५० मीटर रस्ता न बघता गेला. ब्लूटूथचं एक जण विचारतो. हात मोकळे होतात, लक्ष मोकळं होत नाही, एवढंच उत्तर. हातात फोन धरून चालवणं २०१९ च्या दुरुस्तीपासून कलम १८४ खाली धोकादायक चालवणं धरलं जातं. पहिल्याच वेळी हजार ते पाच हजार दंड आणि तुरुंगही होऊ शकतो.

दंडाचं ऐकून फारसं कुणी हलत नाही. मागच्या बाकावरचा एक म्हणतो, "मॅडम, नाही उचलला तर आई लावतच राहते. तिला वाटतं काहीतरी झालं." वर्ग हसत नाही, कारण सगळ्यांच्या घरी हेच आहे. माझ्या मते पोस्टर लावणारे हेच विसरले आहेत. चालवणाऱ्याला सगळे सांगतात, फोन उचलू नको. घरी बसून फोन लावणाऱ्याला कुणीच काही सांगत नाही. मी पोरांना आज रात्री घरी एवढंच ठरवायला सांगते: निघताना एक फोन, पोचल्यावर एक फोन, मधे वाजला तर उचलणार नाही आणि उचलला नाही म्हणून कुणी घाबरायचं नाही. उशीर होणार असेल तर गाडी थांबवून तोच कळवेल. पुढच्या वेळी पालकांनाच बोलवा, असं प्राचार्यांना सांगून येते. ते तारीख देतात.

संध्याकाळी ५.३०

तेरावं उरकलेल्या घरांना फोन करायची माझी वेळ. तोवर पाहुणे पांगलेले असतात, जेवणाचे डबे यायचे बंद झालेले असतात आणि खरं एकटेपण तेव्हा सुरू होतं. एका घरी मुलगा जेवत नाही, त्याला मानसोपचार ओपीडीची वेळ देते. एका घरी कुणी उचलत नाही. मी लगेच दुसऱ्यांदा लावत नाही. एक बाप बांधावरून बोलतो. गाडीवर आहात का, या माझ्या प्रश्नाची त्याला आता सवय झाली आहे. "न्हाई मॅडम, पायी हाय," तो आधीच सांगतो आणि मग हरभऱ्याचं बोलतो. तो बोलेल तेवढं ऐकते.

संध्याकाळी ६.४५

सकाळच्या बाईचा भाऊ फोन करतो. अंत्यविधी झाला. बहीण एकच मागते आहे, तो फोन. मुलीचे सगळे फोटो त्यात आहेत, दुसरीकडे कुठेच नाहीत. फोन हेल्मेटसोबत मुद्देमाल म्हणून जमा झाला आहे आणि तो परत मिळवायला न्यायालयात अर्ज करून सुपुर्दनामा करून द्यावा लागेल. हवालदारांना विचारते. त्यांचं म्हणणं, तपासात कॉलचा तपशील कंपनीकडून मागवता येतो, फोन परत द्यायला आमची हरकत राहणार नाही, पण साहेबांशी बोलून सांगतो. अर्ज बायकोच्या नावाने करावा लागेल, सोबत आधार आणि लग्नाचा पुरावा. भावाला तशी यादी सांगते, तो लिहून घेतो. मसुदा मी रात्री तयार करणार आहे. विधी सेवा प्राधिकरणाच्या वकीलबाई उद्या अकराला भेटतात, त्याआधी मुद्देमालाचा नोंद क्रमांक हवालदारांकडून घ्यायचा.