पाणी उतरताना काठ सांभाळा



पंचगंगेला पाणी चढले की आपले पाय आपोआप नदीकडे वळतात. मोटार वर काढली का, ऊस किती बुडाला, ही काळजी घरात बसू देत नाही. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५५ फुटांवर गेले. एवढे पाणी चढताना सगळेच जपतात. घात होतो तो उतरताना.

एका वर्षी पूर ओसरू लागला, तेव्हा आम्ही मळीच्या रानात पाहणीला गेलो. काठावर उभे होतो. सोबतचे सभासद म्हणाले, "सायेब, मागं सरा, भेग पडलीया." चार पावले मागे आलो, तोच ती दरड धप्पदिशी नदीत गेली.

कारण साधे आहे. चढत्या पाण्याचा काठाला टेका असतो. पाणी झपाट्याने उतरले की टेका जातो. पाणी पिऊन जड झालेली माती मात्र तशीच राहते आणि खालून प्रवाहाने पोखरलेली असते.

म्हणून एकट्याने जाऊ नये. काठ सोडून बांधाच्या आतून चालावे. भेग दिसली की मागे फिरावे. वाहत्या पाण्यात गुडघाभरही उतरू नये.

उसाचा शेंडा पाण्यावर असेल तर ऊस तग धरतो. पोंग्यात गाळ बसला तर कुजतो. काठावर उभे राहून यात फरक पडत नाही. मोटार पुन्हा घेता येते, घरचा माणूस नाही.