माती कितीची आहे?

शेजारचं अंगण : भाग ११

अकोल्याहून काकांचा फोन पहाटे साडेतीनला आला. मी अमरावतीत. आवाज ऐकून शेजारच्या काकूंनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "माती कितीची हाय व?" फोनवर काकाही तेच सांगत होते, "मिट्टी ज़ोहर के बाद," म्हणजे दुपारच्या नमाजनंतर. दादी गेली होती.

वऱ्हाडात जाळायचं असो की पुरायचं, माणूस 'मातीले'च जातो.

आमच्याकडे दफन लांबवत नाहीत, होता होईल तो लवकर. त्यामुळे दूरच्या नातवंडांची फार ओढाताण होते. अमरावती ते अकोला शंभरेक किलोमीटर. याच महामार्गाचा पंचाहत्तर किलोमीटरचा पट्टा जून २०२२मध्ये १०५ तासांत डांबरला गेला आणि गिनीज बुकात नोंदला गेला. तेव्हा दादी म्हणाली होती, "अब तो हर इतवार आना." मी काही दर इतवारी गेले नाही.

बाईच्या मय्यतीला गुस्ल, म्हणजे अंघोळ, बायकाच घालतात. घरातल्या, नाहीतर मोहल्ल्यातल्या जाणत्या. अंग झाकलेलंच ठेवायचं, चादरीखालून पाणी घालायचं. पाण्यात बोरीची पानं उकळलेली असतात, शेवटच्या पाण्यात कापूर. सजद्यात जमिनीला टेकणारे अवयव, म्हणजे कपाळ, नाक, तळवे, गुडघे आणि पावलं, यांनाही कापूर लावतात. पुरुषाचं कफन तीन कपड्यांचं, बाईचं पाच: ओढणी आणि सीनाबंद, म्हणजे छातीवर बांधायचा कपडा, हे दोन जास्तीचे. काहीच शिवलेलं नसतं. मला फुफूने, म्हणजे आत्याने, आत बोलावलं ते केसांसाठी. हनफी रीतीत बाईच्या केसांचे दोन भाग करून कफनीवर छातीशी ठेवतात, एक उजवीकडे, एक डावीकडे. कंगवा लावत नाहीत. शाळेत जाताना माझ्या दोन वेण्या दादी घालायची, ओढून ओढून, डोळे ताणले जातील अशा. तिचे केस मी हातानेच सारखे केले.

"तुमच्यात रडत नाहीत का?" हा प्रश्न मला कॉलेजपासून विचारला जातो. रडतात. मनाई आहे ती छाती पिटण्याला, कपडे फाडण्याला, नशिबाला बोल लावून आक्रोश करण्याला. मुहंमद पैगंबरांचा लहानगा मुलगा इब्राहिम गेला तेव्हा तेही रडले होते आणि सोबतच्यांना त्याचं नवल वाटलं होतं. त्याआधी खूप वर्षांपूर्वी, आठ वर्षांचे असताना, त्यांचे आजोबा अब्दुल मुत्तलिब गेले. वडील जन्माआधीच गेलेले, आई सहाव्या वर्षी. आजोबांच्या जनाज्यामागून तो मुलगा रडत चालला होता, असं सीरतच्या, म्हणजे पैगंबरांच्या चरित्राच्या, परंपरेत सांगतात. दादी ही गोष्ट मला नेहमी सांगायची. माझे अब्बा गेले तेव्हा मीही साधारण त्याच वयाची होते.

जनाज्याची नमाज उभ्यानेच होते. चार तकबीर, म्हणजे चारदा 'अल्लाहु अकबर'; रुकू, म्हणजे कमरेत वाकणं, नाही, सजदा नाही. मोहल्ल्यातल्या काही जणांनी पढली तरी सगळ्यांची जबाबदारी फिटते, पण खांदा द्यायला रस्त्यावरचा अनोळखी माणूसही चार पावलं येतो. करोनात हे सगळं तुटलं होतं. २०२०च्या उन्हाळ्यात, नातेवाईक येऊ शकत नव्हते अशा हिंदू मृतांनाही अकोल्यातल्या कच्छी मेमन जमातीच्या स्वयंसेवकांनी अग्नी दिला. ती बातमी वाचून दाखवल्यावर दादीचा प्रश्न होता, "कंधे को चार जने तो थे ना?"

बायका आमच्या भागात सहसा कब्रस्तानात जात नाहीत, म्हणून पुढचं मला भावाने सांगितलेलं. बाईला कबरीत उतरवायला मेहरम पुरुष लागतात, म्हणजे ज्यांच्याशी तिचं लग्न कधीच होऊ शकत नाही असे. नातू त्यात येतो. काका आणि भाऊ आत उतरले. कबरीच्या बाजूच्या भिंतीत कोनाडा खणतात त्याला लहद म्हणतात आणि तीच जास्त पसंत केली जाते. पण भुसभुशीत मातीत ती ढासळते, तिथे मधोमध चर खणून वर फळ्या किंवा फरशा टाकतात. आपली कपाशीची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. दादीला फरशाच. मग प्रत्येकाच्या तीन तीन मुठी.

त्या दिवशी आमची चूल पेटली नाही. जाफर इब्न अबी तालिब हे पैगंबरांचे चुलतभाऊ मुअताच्या लढाईत मारले गेले, तेव्हा त्यांच्या घरी जेवण पोचवायला पैगंबरांनी सांगितलं होतं. ती रीत अजून चालते. नात्यातून येणाऱ्या या जेवणाला बरेच जण 'कडवी रोटी' म्हणतात. मराठी घरांत सोयरे पिठलं-भाकरीचा 'कडू घास' भरवतात, तोच हा.

ऑफिसात सहकाऱ्याने विचारलं, "तेरावं कधी?" तेरावं नाही. शोक तीन दिवसांचा. फक्त विधवेसाठी चार महिने दहा दिवसांची इद्दत. तिसऱ्या दिवशी आमच्याकडे ज़ियारत झाली: कुरआनचे तीस सिपारे तीस जणांत वाटून एका बैठकीत पुरे करायचे, चिंचोक्यांवर कलमा मोजायचा. चाळिसाव्याला पुन्हा जेवण. यावर घराघरांत वाद आहेत. देवबंदी विचाराचे माझे मामा ठरावीक दिवस धरण्याला बिदअत, म्हणजे धर्मात मागाहून घुसवलेली गोष्ट मानतात. त्यांनी सिपारा वाचला, जेवायला मात्र थांबले नाहीत. माझं मत विचाराल तर चिंचोके मोजण्यात हात गुंतलेले राहिले, हे बरं झालं.

आता वारशाचं. कुरआनने मुलगा-मुलगी, आई-वडील, नवरा-बायको यांचे हिस्से आखून दिले. पण सुन्नी कायद्यात जवळचा वारस दूरच्याला अडवतो. आजीचा एक मुलगा हयात असेल, तर आधीच वारलेल्या मुलाच्या लेकरांना आजीच्या मालमत्तेत काहीच मिळत नाही. जो स्वतः आजोबांच्या सावलीत वाढलेला पोरका नातू होता, त्याच्या उम्मतमधला, म्हणजे अनुयायांमधला, हा नियम मला कायम खुपत आला आहे. मी एकटीच नाही: इजिप्तने १९४६मध्ये अशा नातवंडांसाठी सक्तीचं मृत्युपत्र कायद्यात आणलं, पाकिस्तानने १९६१च्या वटहुकमाने त्यांना थेट बापाचा हिस्सा दिला. भारतात १९३७च्या शरियत कायद्याने मुस्लिमांना त्यांचा वैयक्तिक कायदा लागू केला, पण या नियमाला हात लावला नाही. वाटा उरतात दोन. एक वसियत, म्हणजे मृत्युपत्र: मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंत, आणि ज्याला वारसा मिळत नाही त्यालाच ती बिनतक्रार करता येते. दुसरी हिबा, म्हणजे हयातीतली भेट. तिला कागद लागतोच असं नाही. देणाऱ्याने देतो म्हणावं, घेणाऱ्याने घ्यावं, ताबा मिळावा. तीन गोष्टी पुऱ्या झाल्या की झालं.

दादीने हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं. मी बारावी पास झाले त्या दिवशी तिने स्वतःच्या कानांतल्या बाळ्या काढल्या, फुफू आणि काकांना समोर बसवलं, म्हणाली, "ये इसकू दिये." मग माझ्याकडे वळून, "लिये बोल." मी "लिये" म्हटलं. तिने त्या माझ्या कानांत घातल्या, फिरकी घट्ट केली आणि भाजी निवडायला लागली.

काळ्या मातीतली कबर पहिल्या पावसात खचते. मृगाचा पाऊस पडून गेल्यावर भावाचा अकोल्याहून फोन आला, माती भरून आलो म्हणाला. मी विचारलं, किती लागली? "सहा टोपल्या," तो म्हणाला, "और एक दो लगेगी."