सर्व्हायकल म्हणजे नक्की कुठलं दुखणं?

‘तिला सर्व्हायकलचा त्रास आहे’ असं कुणी म्हटलं, की आपल्या डोळ्यांपुढे गळ्यात पट्टा घातलेली बाई येते. शिलाई मशिनवर वाकून किंवा डोक्यावर हंडे वाहून मान धरलेली. म्हणूनच तपासणीच्या कागदावर हा शब्द दिसला, की ‘मानेचं काहीतरी असेल’ असं म्हणून कागद डब्याखाली सरकवला जातो. पण मैत्रिणींनो, त्या कागदाचा मानेशी काही संबंध नसेलही!

मूळ शब्द आहे लॅटिनमधला ‘सर्व्हिक्स’. त्याचा अर्थ मान. आपल्या शरीरात अशा दोन ‘माना’ आहेत. एक डोक्याखालची, सात मणक्यांची. दुसरी गर्भाशयाची. गर्भाशयाचा आकार उलट्या धरलेल्या पेरूसारखा. त्याचा खालचा निमुळता भाग योनीमार्गात उतरतो. तोच सर्व्हिक्स. आपण त्याला ‘पिशवीचं तोंड’ म्हणतो. इंग्रजीत मान, मराठीत तोंड, जागा मात्र एकच.

मग ओळखायचं कसं? शेजारचा शब्द वाचा. स्पॉन्डिलोसिस, कॉलर, मणक्याचा एक्स-रे असेल तर दुखणं मानेचं. पॅप स्मिअर, इरोजन किंवा सर्व्हिसायटिस असेल तर पिशवीच्या तोंडाचं.

इथे दुसरा घोटाळा होतो. पिशवीच्या तोंडाचं काही म्हटलं, की आपण थेट कॅन्सरवर जातो. सर्व्हिसायटिस म्हणजे तिथली सूज, ती बहुतेकदा औषधाने बरी होते. इरोजन म्हणजे तिथला लालसरपणा. तो पुष्कळ निरोगी बायकांतही दिसतो. नुसतं अंगावरून पांढरं जातं म्हणून पिशवी काढायची नसते.

हे सांगायला कारण आहे. 2019 साली शेजारच्या बीड जिल्ह्यात 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. कॅन्सरची भीती दाखवली गेली, असं त्यातल्या कित्येकींनी तेव्हा सांगितलं. आपल्या घनसावंगी, मंठा, परतूरकडूनही कोयता घेऊन टोळ्या जातात. ही गोष्ट आपल्यापासून लांबची नाही.

याचा अर्थ कॅन्सर खोटा, असा मुळीच नाही. तो एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. शरीरसंबंधातून हा विषाणू येतो, बहुतेक वेळा आपोआप जातोही. टिकून राहिला तर कॅन्सर व्हायला साधारण दहा-पंधरा वर्षं लागतात. एवढा वेळ आपल्या हातात असतो.

तो वेळ वापरला तर काय होतं, हे मराठवाड्यातच सिद्ध झालंय. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात 1999 पासून 30 ते 59 वयाच्या सुमारे 1 लाख 31 हजार बायकांना घेऊन मोठा अभ्यास झाला. त्यात बार्शीचं कॅन्सर रुग्णालय आणि मुंबईचं टाटा रुग्णालय होतं. त्याचे निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या गटात एकदाच एचपीव्ही चाचणी झाली, तिथे या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते. या बायका आपल्यासारख्याच, खेड्यापाड्यातल्या!

सरकारी दवाखान्यात होणारी तपासणी याहून साधी. व्हिनेगरसारखं द्रावण पिशवीच्या तोंडाला लावतात आणि मिनिटभराने पाहतात. पांढरा डाग उठला तर पुढची तपासणी. भूल नाही, टाके नाहीत. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीने दर पाच वर्षांनी ती करावी. आपल्या आशाताईंना विचारा, कुठे आणि कोणत्या दिवशी होते ते त्या सांगतील. घरात 9 ते 14 वर्षांची मुलगी असेल तर एचपीव्हीच्या लसीबद्दलही विचारा.

मात्र संबंधानंतर रक्त गेलं, पाळी थांबल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला किंवा घाण वासाचं पाणी जात असेल, तर पाच वर्षं कशाला, पाच दिवसही थांबू नका.

आणि कुणी ‘पिशवी काढावी लागेल’ म्हणालं, तर शांतपणे तीन प्रश्न विचारा. आजाराचं नाव काय? तो कोणत्या तपासणीत दिसला? औषधाने बरा होणार नाही का? उत्तरं कागदावर लिहून मागा, आणि तो कागद घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे जा. विचारायला लाजायचं कशाला? शरीर आपलं आहे.