तोंडाने नळी ओढण्यापूर्वी

आपल्या पडवीत, गोठ्यालगत किंवा ट्रॅक्टरच्या शेडमध्ये पाच-सहा हात लांबीची प्लॅस्टिकची एखादी नळी खुंटीला टांगलेली असेल आणि तिच्या एका टोकाला डिझेलचा वास येत असेल, तर पुढचा मजकूर आपल्यासाठी आहे. वाशीम जिल्ह्यात अशी नळी नसलेले शेतकऱ्याचे घर शोधावे लागेल. रिसोड-मालेगावकडचे सोयाबीन असो की मानोरा-मंगरूळपीरकडची तूर, पेरणीपासून मळणीपर्यंत सारी कामे आता ट्रॅक्टर आणि मळणीयंत्रावर होतात. विजेचे वेळापत्रक रात्रीचे असले की विहिरीवर डिझेल इंजिन लावावे लागते. पेट्रोल पंप गावागावांत नाहीत. म्हणून डिझेल कॅनमध्ये किंवा पिंपात भरून घरी आणले जाते आणि पिंपातून कॅनमध्ये, कॅनमधून टाकीत असा त्याचा प्रवास चालू राहतो.

नळीचे एक टोक पिंपात, दुसरे तोंडात. एक दमदार ओढ, नळीत डिझेल चढताना दिसले की चटकन टोक खाली कॅनमध्ये. बहुतेक घरांत हे काम घरातल्या ज्येष्ठाकडे असते, कारण ‘अंदाज’ त्यांनाच असतो. चाळीस वर्षांत कधी काही झाले नाही, असेही ते सांगतात. ते खोटे बोलत नाहीत. पण चाळीस वर्षांपूर्वीचा त्यांचा घसा आणि आजचा घसा एक नाही, आणि नेमके इथेच या सवयीचे स्वरूप बदलते.

डिझेल पोटात गेले तर काय होईल, ही भीती सर्वांना असते. वस्तुतः पोटात गेलेला एखादा घोट मळमळ आणि जुलाबांवर निभावून जाण्याची शक्यता बरीच असते. खरा धोका फुप्फुसांना आहे. पेट्रोल, रॉकेल आणि डिझेल हे पाण्याहून हलके असून पृष्ठभागावर झरझर पसरणारे द्रव आहेत. ओढ घेताना श्वास आतच घेतला जात असतो. अशा वेळी ठसका लागला की द्रवाचे काही थेंब अन्ननलिका सोडून श्वासनलिकेत उतरतात. तिथून ते सूक्ष्म वायुकोशांपर्यंत पसरतात आणि वायुकोश उघडे ठेवणारा स्निग्ध थर विरघळवून टाकतात. वायुकोश मिटू लागतात, त्यांना सूज येते, प्राणवायूची देवाणघेवाण मंदावते. त्यासाठी चमचाभर द्रवही लागत नाही. जंतूंवाचून होणारा हा न्यूमोनिया आहे. तोंडातून आगीचे लोळ सोडणाऱ्या कसरतपटूंना तो होतो, म्हणून पाश्चात्त्य वैद्यकग्रंथांत त्याला ‘आग ओकणाऱ्यांचा न्यूमोनिया’ असे नावच पडले आहे. आपल्याकडे त्याला ‘नळी ओढणाऱ्यांचा न्यूमोनिया’ म्हटले तरी चालेल. पेट्रोल आणि रॉकेल अधिक पातळ असल्याने ते सहज आत शिरतात. डिझेल थोडे जाडसर असते, पण आत गेलेले तेलकट थेंब लवकर बाहेर पडत नाहीत आणि खोकला आठवडेच्या आठवडे रेंगाळू शकतो.

वय वाढले की गिळण्याची क्रिया संथ होते आणि ठसक्याची प्रतिक्षिप्त क्रिया मंदावते. पक्षाघात येऊन गेलेला असेल, कंपवात असेल, दमा किंवा बिडीने पोखरलेली छाती असेल, कवळी सैल बसत असेल, तर श्वासनलिकेच्या दाराशी असलेला पहारेकरी अर्धा झोपेतच असतो. तरुणाला जोरदार ठसका लागून थेंब बाहेर फेकले जातात. सत्तरीतल्या माणसाला नुसते ‘घशाशी आले’ असे वाटते आणि थेंब आत राहतात.

समजा, असे घडलेच. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आले, तोंडाला इंधनाचा वास येतो आहे. त्या वेळी घरातले लोक प्रेमापोटी जे करतात, तेच बहुधा चुकीचे असते. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोटे घालून उलटी काढू नका. पोटात गेलेले इंधन तिथे फारसे नुकसान करत नव्हते, ते उलटीवाटे पुन्हा घशाशी येते आणि श्वासनलिकेत उतरण्याची दुसरी संधी त्याला मिळते. ‘विष मारण्यासाठी’ दूध, तूप, ताक, लिंबूपाणी पाजण्यानेही काही साधत नाही, उलट पोट भरून उलटीचीच शक्यता वाढते. चूळ भरून थुंकायला लावा. कवळी असेल तर काढून ठेवा. अंगावर सांडले असेल तर कपडे बदला, कातडी साबणाने धुवा. डोळ्यांत उडाले असेल तर स्वच्छ पाण्याच्या धारेखाली पंधरा-वीस मिनिटे डोळे धुवत राहा. आणि माणसाला आडवे न झोपवता टेकून बसवा.

ठसका लागला असेल तर पाच मिनिटांनी बरे वाटले तरी दवाखान्यात जावे. हा त्रास काही वेळा लगेच दिसत नाही. अर्ध्या तासात धाप लागू शकते, तशीच ती रात्री उशिरा किंवा दुसऱ्या दिवशीही लागू शकते. पहिल्या काही तासांत छातीचा एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो. म्हणूनच डॉक्टर सहा-आठ तास थांबवून घेतात, त्या वेळी ‘एवढ्याशा डिझेलसाठी कशाला थांबायचे’ म्हणून आजोबांना घरी आणू नये. दुसरी एक गोष्ट नातेवाईकांनी ध्यानात ठेवावी. ‘पोट धुऊन काढा’ असा आग्रह आपल्याकडे फार होतो आणि डॉक्टरांनी नकार दिला की ते टाळाटाळ करतात असे वाटते. इंधनाच्या बाबतीत पोट धुण्याने तेच उलटीसारखे संकट ओढवते, हे त्यांना ठाऊक असते. तिथे त्यांचे ऐकावे.

वृद्धांमध्ये ताप चढेलच असे नाही. कधी नुसती ग्लानी येते, जेवण नको होते, माणूस असंबद्ध बोलू लागतो. शांत बसलेल्या माणसाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. मोठ्या माणसात ते साधारण बारा ते वीस असतात. चोवीसच्या पुढे गेले, ओठ निळसर दिसले, छातीत दुखू लागले किंवा करोनाकाळात घेतलेल्या ऑक्सिमीटरवर आकडा 94 च्या खाली आला, तर क्षणाचाही विलंब नको. मात्र सुरुवातीला आकडा चांगला दिसला म्हणून निर्धास्त होऊ नये. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. दिल्लीच्या ‘एम्स’मधील राष्ट्रीय विषबाधा माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक 1800 116 117 असा आहे. जवळच्या ग्रामीण रुग्णालयातून गरजेनुसार वाशीमच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवणी होते. जाताना चार गोष्टी कागदावर लिहून न्या: कोणते इंधन, अंदाजे किती, किती वाजता, आणि ठसका लागला होता की नाही.

आता नळीकडे वळू. तोंडाची गरज मुळात का पडते? आपल्यापैकी अनेकांनी शाळेत ‘वक्रनलिका’ हा पाठ शिकला असेल. नळी द्रवाने पूर्ण भरलेली असेल आणि तिचे बाहेरचे टोक पिंपातल्या द्रवाच्या पातळीपेक्षा खाली असेल, तर द्रव आपोआप वाहत राहतो. ओढ फक्त सुरुवातीला नळी भरण्यासाठी लागते. म्हणजे नळी दुसऱ्या कोणत्याही उपायाने भरता आली की तोंडाचे काम संपले. पिंप ओट्यावर आणि कॅन जमिनीवर, एवढी उंची मात्र हवी. अनेकदा दोन्ही एकाच पातळीवर असतात, धार मध्येच थांबते आणि आजोबा पुन्हा नळी तोंडात घेतात.

सर्वांत स्वस्त साधन म्हणजे मध्यभागी रबरी फुगा असलेली नळी. फुग्याच्या दोन्ही बाजूंना एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात. फुग्यावरचा बाण कॅनच्या दिशेने ठेवून तो पाच-सात वेळा दाबला की धार सुरू होते. संधिवाताने बोटे आखडलेली असतील तर फुगा दाबणे जड जाते. त्यांच्यासाठी टोकाला पितळी तोंड आणि आत गोळी असलेली नळी बरी. पितळी तोंड द्रवात बुडवून वरखाली भराभर हलवले की गोळी प्रत्येक हिसक्याला थोडा द्रव वर ढकलते आणि नळी भरते. पिंपाचे तोंड रुंद असेल तर साधी नळीही चालते: ती पूर्ण बुडवून भरू द्यावी, एक टोक अंगठ्याने घट्ट दाबून बाहेर काढावे आणि कॅनमध्ये नेऊन सोडावे. हातात मोजा असावा. दोनशे लिटरच्या पिंपाचे तोंड मात्र अरुंद असते, तिथे हा उपाय जमत नाही.

ज्या घरात पिंप कायमचे आहे, तिथे त्याच्या तोंडात आटे पाडून बसवण्याचा हाताने फिरवायचा पंप घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दांडा फिरवला की डिझेल येते, थांबवला की थांबते. ओढ नाही, वाकणे नाही. त्याहून साधी युक्ती जुन्या रॉकेल दुकानदारांची: पिंप मजबूत घोडीवर आडवे ठेवायचे, तोंडाला तोटी बसवायची आणि हवा आत जाण्यासाठी वरच्या बाजूचे झाकण किंचित सैल करायचे. वीस लिटर डिझेलचे वजन सोळा-सतरा किलो भरते. तेवढा कॅन उचलून टाकीत ओतण्याऐवजी पाच लिटरचा डबा आणि नरसाळे वापरले, तर कंबरही वाचते. पाण्याचा विजेवरचा टिल्लू पंप इंधनाला कदापि लावू नये. तो त्यासाठी बनवलेला नाही आणि एक ठिणगी पुरेशी असते.

ठिणगीचा विषय निघालाच आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि दूरच्या चुलीपर्यंत पोहोचू शकते, हे बहुतेकांना माहीत असते. डिझेल मात्र ‘पेटत नाही’ असे समजले जाते. आपल्याकडच्या डिझेलचा ज्वलनांक किमान 35 अंश सेल्सिअस असावा, असे भारतीय मानक सांगते. वाशीमचा मे महिना आठवा, पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या शेडमध्ये तर विचारायलाच नको. म्हणून हे काम सकाळी किंवा संध्याकाळी, उघड्यावर, बिडी-काडीपासून दूर करावे. डबा जमिनीवर ठेवून भरावा. पेट्रोलियम कायदा, 1934 नुसार तीस लिटरपर्यंत पेट्रोल विनापरवाना जवळ ठेवता येते, पण ते घट्ट बुचाच्या, काचेच्या वा चिनी मातीच्या एक लिटरपर्यंतच्या किंवा धातूच्या पंचवीस लिटरपर्यंतच्या भांड्यात. थंड पेयाची प्लॅस्टिकची बाटली त्यात बसत नाही.

ती बाटली तशीही घरातून हद्दपार करावी. फवारणी यंत्रासाठी आणलेले अर्धा लिटर पेट्रोल किंवा उरलेले रॉकेल पाण्याच्या बाटलीत भरून खिडकीत ठेवले जाते. रेशनचे रॉकेल निळे असे, निदान रंगाने ओळखू येई. मोतीबिंदूने धूसर झालेल्या डोळ्यांना रात्री पिवळसर पेट्रोल आणि पाणी यांत फरक दिसत नाही. विस्मरणाचा आजार असलेल्यांना आणि रांगणाऱ्या नातवंडांना तर दिवसाही नाही. इंधनाचा डबा वेगळ्या आकाराचा, लाल रंगाचा आणि कुलपात असावा.

नळीबद्दल आणखी एक. तीच नळी कधी कीटकनाशक मिसळण्याच्या टाकीतही बुडवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तोंडात जाते. फवारणीच्या विषाने काय होते, हे 2017 साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्याने पाहिले आहे. तुंबलेले नोझल तोंडाने फुंकण्याची सवय याच जातकुळीतली.

राहिला प्रश्न आजोबांना सांगायचे कसे, हा. ‘तुम्हाला आता जमत नाही’ या वाक्याने काम बिघडते. ज्या हाताने घराची शेती उभी केली, त्याला हे ऐकवत नाही. नळी लपवून ठेवली तर ते दुसरी कापून आणतील. त्यापेक्षा फिरवायचा पंप आणावा, तो पिंपावर बसवण्याचे काम त्यांनाच सांगावे आणि नातवाला दांडा कसा फिरवायचा हे त्यांनीच शिकवावे, असे मला वाटते. डिझेल मोजण्याचा मान, हिशेबाची वही आणि कुलपाची किल्ली त्यांच्याकडेच राहू द्यावी. जुन्या नळीचे वीतभर लांबीचे तुकडे करून टाकावेत. तुरीच्या पाटीला बांधायला ते उपयोगी पडतात, आणि एवढ्या तुकड्याने पिंपाचा तळ कोणालाच गाठता येत नाही.