कौटुंबिक न्यायालय (भारत)

कौटुंबिक न्यायालय हे विवाह व कुटुंब यांविषयीचे दावे चालवणारे न्यायालय आहे. भारतात ते कौटुंबिक न्यायालय अधिनियम, १९८४ अन्वये स्थापन केले जाते. घटस्फोट, पोटगी, अपत्यांचा ताबा आणि पती-पत्नींमधील मालमत्तेचे वाद त्याच्या कक्षेत येतात. निकालापूर्वी समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य असून (कलम ९) त्यासाठी समुपदेशकांचे साहाय्य घेतले जाते. कोणत्याही एका पक्षाने इच्छा दर्शविल्यास कामकाज बंद दालनात चालते.

वकिलाचे स्थान

कलम १३ नुसार वकिलामार्फत बाजू मांडणे हा पक्षकाराचा हक्क नाही. त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते. आवश्यक वाटल्यास न्यायालय स्वतःच्या साहाय्यार्थ न्यायमित्र नेमू शकते. मात्र न्यायालयाबाहेर वकिलाचा सल्ला घेण्यास या कलमाची आडकाठी नाही. परस्परसंमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर अपील करता येत नाही (कलम १९). त्यामुळे पोटगी, निवास व अपत्यांच्या भेटी यांविषयीच्या अटी सही करण्यापूर्वी समजून घेणे महत्त्वाचे ठरते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार स्त्रिया उत्पन्नाच्या अटीविना मोफत विधी साहाय्यास पात्र असतात.

परस्परसंमतीने घटस्फोट

हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या कलम १३-ब नुसार दांपत्य किमान एक वर्ष विभक्त राहिलेले असावे लागते. अर्जानंतर सहा महिन्यांचा विचारकाळ असतो. योग्य प्रकरणी तो माफ करता येतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला. या काळात कोणताही पक्ष संमती मागे घेऊ शकतो.