रंकाळा आणि कळंबा : पाणी एकच नव्हे!

कोल्हापूरकरांनो, रंकाळ्यावर भेळ खाताना पाण्याकडे कधी नीट बघितलंय? उन्हाळ्यात काठाला हिरवा रंग ओतल्यासारखा थर दिसतो. ते शेवाळ नव्हे, मायक्रोसिस्टिस नावाचे जिवाणू! दगडाच्या खाणीतून झालेल्या या तलावात वर्षानुवर्षं श्याम सोसायटी नाल्यासारख्या वाटांनी सांडपाणी आलं. त्यातले नायट्रोजन-फॉस्फरस म्हणजे या जिवाणूंना फुकटची मेजवानी. जलपर्णीही त्यावरच पोसली. रात्री हे सगळे पाण्यातला प्राणवायू ओढतात, म्हणून मासे मरतात ते बहुधा पहाटेच.

कळंब्याची गोष्ट वेगळी. कात्यायनीच्या डोंगराकडून पावसाचं पाणी येतं, आणि शहराला पाणी पुरवण्यासाठीच हा तलाव संस्थानकाळात बांधला. पण भोवती वस्ती वाढतेय, तेव्हा गाफील राहू नका.

स्वतः करण्यासारखं एक काम सांगतो. पांढरी ताटली दोरीला बांधून पाण्यात सोडा. दिसेनाशी झाली की दोरीला गाठ मारा. दोन्ही तलावांवर एकाच दिवशी, दुपारी करा. गाठ जितकी लांब, तितकं पाणी नितळ. मात्र नितळ म्हणजे पिण्याजोगं नव्हे. जंतू ताटलीला दिसत नाहीत. त्यासाठी प्रयोगशाळाच हवी. तिथल्या अहवालात बघा : आंघोळीच्या पाण्यात लिटरला किमान 5 मिलिग्रॅम प्राणवायू हवा आणि बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना खर्च होणारा प्राणवायू, लिटरला 3 मिलिग्रॅमच्या आत.

हिरवा थर दिसला तर जनावरांनाही ते पाणी पाजू नका. उकळूनही त्यातलं या जिवाणूंचं विष जात नाही.